चौथं कडवं

लोवेल स्टँपरला चाळीस खुर्च्या हव्या होत्या. माणसाने आयुष्यात एवढीच मागणी करावी आणि तीही देवाने वाकड्या वाटेने पुरी करावी, हे काही बरं नाही. पण आमच्या क्विलेन फोर्कमध्ये सरळ वाट मुळात एकच, आणि ती गावाबाहेर जाते.

खुर्च्या हव्या होत्या गाण्यासाठी. लोवेल दिवसा काउंटीच्या कचेरीत घरपट्टीचा कारकून. उरलेल्या वेळात तो स्वतः गाणी रचायचा आणि गिटारवर म्हणायचा. बावीस वर्षं त्याचं हे चाललं होतं. पदरमोड करून त्याने चार रेकॉर्डी काढल्या, त्या गाडीच्या डिकीत घालून अर्धी केंटकी आणि पाऊण टेनेसी पालथी घातली. बारमध्ये गायला, पिझ्झाच्या दुकानात गायला, एकदा ट्रॅक्टरच्या शोरूमच्या उद्घाटनालाही गायला. तिथे त्याच्या गाण्यापेक्षा ट्रॅक्टरला टाळ्या जास्त पडल्या. त्याबद्दल त्याची तक्रार नव्हती. त्याचं दुःख वेगळंच होतं. त्याचं सगळ्यात चांगलं गाणं चार कडव्यांचं, आणि चौथं कडवं आजवर कुणीही ऐकलेलं नव्हतं. पहिल्या कडव्याला लोक त्याच्याकडे बघत. दुसऱ्याला बियर मागवत. तिसऱ्याला टीव्हीवरच्या बास्केटबॉलमध्ये कुणीतरी बास्केट टाके आणि सगळा बार उठून उभा राही. चौथं कडवं लोवेल भिंतीला ऐकवायचा. गाण्याचं सगळं सार त्या चौथ्या कडव्यात आहे, असं त्याचं ठाम मत होतं.

अशात त्याला पत्र आलं. दर सप्टेंबरात डोंगरापलीकडे लोकगीतांचा तीन दिवस मोठा मेळा भरतो. तिथे एकदा गायला मिळालं, की पुढची दोन-चार वर्षं माणसाला निदान टीव्ही नसलेल्या जागा मिळतात. मेळ्याचे गायक निवडणाऱ्या कॉर्डेलिया प्रुएट या बाईंनी लिहिलं होतं, "रेकॉर्ड ऐकली. पण मी गाणारा माणूस त्याच्या माणसांत बसवून बघते. तुमच्या घरी मैफल ठेवा. चाळीस तरी माणसं असू द्या. मी येते."

या धंद्यात घरची मैफल काही नवी नाही. कुणीतरी आपला हॉल रिकामा करतो, लोक एकेक पदार्थ घेऊन येतात, जेवतात, आणि मुख्य म्हणजे गाणं चालू असताना तोंड बंद ठेवतात. नवीन होतं ते एवढंच, की लोवेलला ती स्वतःच्या गावात करायची होती. आणि पिकतं तिथं विकत नाही, हे काय मी सांगायला हवं?

"ह्या वेळी नाही जमलं तर गिटार भिंतीला टांगतो," लोवेल गंभीरपणे बायकोला म्हणाला.

ट्वायला दातांच्या डॉक्टरकडे लोकांचे दात साफ करायची. समोरच्याला बोलता येत नसताना त्याच्याशी बोलायची तिला सवय होती. "कुठल्या भिंतीला?" तिने विचारलं. "हॉलमध्ये नको. तिथे ओल येते."

लोवेल दोन दिवस तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलला.

घरात तिसरं माणूस म्हणजे त्याची आई, आयसी. वय चौऱ्याऐंशी. सकाळी आठपासून दिवस मावळेपर्यंत ती पोर्चमधल्या झोपाळ्यावर बसायची. रस्त्याने जाणारी प्रत्येक गाडी हॉर्न द्यायची, म्हातारी दोन बोटं उचलायची. असा पंचवीस वर्षांचा रिवाज. आयसीने आपल्या मयतीची सगळी तयारी स्वतः करून ठेवली होती. कुठला पोशाख, कोण खांदा देणार, कोणी अजिबात द्यायचा नाही. बायबलमध्ये एक कागद होता, त्यावर मयतीला म्हणायची पाच स्तोत्रं क्रमाने लिहिलेली. लोवेलने एकदा भीतभीत विचारलं होतं, "आई, त्यात माझं एखादं गाणं...?"

"लोवेल, मी एकदाच मरणार आहे," आयसी म्हणाली होती. "त्या दिवशी प्रयोग नकोत."

हा विषय पुन्हा निघाला नाही. पण काही गोष्टी माणसाच्या पोटात दगडासारख्या बसतात, ही त्यातली एक.

तर मैफल. तारीख ठरली, सोळा दिवसांनंतरचा शनिवार. लोवेलने गावात वीस ठिकाणी कागद चिकटवले. लगोलग शेजारचा बर्ल सल्ले घेऊन कुंपणाशी आला. बर्ल हा टेलिफोन कंपनीतून निवृत्त झालेला. चाळीस वर्षं खांबावर चढून लोकांच्या घरात डोकावल्यामुळे कुणाच्या घरात काय कमी आहे, हे त्याला घरमालकाच्या आधी ठाऊक असे.

"किती जणांनी नावं दिली?" बर्लने विचारलं.

"सात."

"त्यात मी आहे?"

"आहात, बर्लकाका."

"मग सहाच धर. मला त्या दिवशी गुडघा दुखू शकतो. ऐक, तुझी गाणी फार रडकी. मधे एखादं उडतं घाल. आणि खुर्च्या होबार्टकडून आण. पन्नास आहेत त्याच्याकडे, घडीच्या. फुकट देतो."

होबार्ट म्हणजे आमच्याकडे अंत्यविधी करणारा. खुर्च्यांच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत त्याचं नाव आणि धंदा लिहिलेला. लोवेलला ते खटकलं. पण गावात पन्नास खुर्च्या असलेला दुसरा माणूस नव्हता, आणि आमच्याकडची लग्नंसुद्धा ह्याच खुर्च्यांवर बसून झाली आहेत. नवऱ्यामुलांनी पाठीवरची अक्षरं वाचली नाहीत, एवढंच.

घोडं अडलं ते नगरपालिकेत. घरी वीसपेक्षा जास्त माणसं जमवायची तर परवानगी लागते. परवानगीच्या खिडकीत व्हर्ना बसते. दोन्ही कचेऱ्या एकाच इमारतीत, लोवेल वरच्या मजल्यावर, ती खालच्या. रोज एकाच यंत्रातली कॉफी पिणारी माणसं. तिने अर्ज पुढे सरकवला. 'जमावाचा प्रकार' असा रकाना, खाली चार चौकोन : कुटुंबाचा मेळावा, जुन्या वस्तूंची विक्री, घरी अंत्यदर्शन, इतर.

"गाणं कशात येतं?" लोवेलने विचारलं.

"इतरमध्ये. इतरला दोन दारं लागतात, अपंगांसाठी उतार लागतो, बंबखात्याचा अधिकारी येऊन बघून जातो, आणि सुनावणी. पुढची सुनावणी सहा आठवड्यांनी."

"आणि अंत्यदर्शनाला?"

"काही नाही. कुणीतरी गेलेलं असलं की झालं. आणि ते काही आम्ही उघडून बघत नाही."

लोवेल ताठ झाला. कारकुनाचीही अब्रू असते. "व्हर्ना, मी स्वतः सरकारी माणूस आहे. मी खोट्या चौकोनात फुली मारणार नाही."

"मग अर्ज इथे ठेव आणि जा. तुझं ब्लड प्रेशर वाढतंय."

दुसऱ्या दिवशी कॉफीच्या यंत्रापाशी ती म्हणाली, "झालं तुझं काम. कसं झालं ते विचारू नकोस." आणि लोवेलने विचारलं नाही. या सगळ्या प्रकरणात लोवेलचा गुन्हा काय तो एवढाच, पण गुन्हा होता खरा.

कारण नगरपालिकेच्या परवानग्यांच्या वहीतून गावच्या रेडिओवर यादी जाते. आमच्याकडे दुपारी बाराला रेडिओवर कोण गेलं, कुठे अंत्यदर्शन, हे वाचून दाखवतात. ते ऐकल्याशिवाय कोणी घास तोंडात घालत नाही. त्या शनिवारी बारा वाजता निवेदक गंभीर आवाजात म्हणाला, "अंत्यदर्शन. स्टँपर यांचं राहतं घर. संध्याकाळी पाच." स्टँपरांच्या घरात त्या वेळी ट्वायला व्हॅक्यूम क्लीनर फिरवत होती. तिथे काही ऐकू आलं नाही. बाकी सगळ्या गावाला आलं.

तरीही, गावात वीस ठिकाणी गाण्याचे कागद लागलेले, एखाद्याने शंका काढली असती. पण सव्वाबाराला होबार्ट खुर्च्या घेऊन आला. त्याचा टेम्पो गॅरेजमध्ये होता, म्हणून खुर्च्या त्याने काळ्या गाडीतून आणल्या, शवपेटी न्यायच्या त्याच त्या लांब गाडीतून. सवयीने ती पोर्चला पाठ लावून उलटी उभी केली, सवयीने हॅट काढली आणि सवयीनेच अगदी हळू आवाजात ट्वायलाशी बोलला. रस्त्यावरून दिसलं ते इतकंच. आणि झोपाळा रिकामा होता. रिकामा कसला, नव्हताच. पाहुण्यांना आत यायला वाट हवी म्हणून लोवेलने सकाळीच तो काढून ठेवला होता.

आयसी कुठे होती? आयसी रुसली होती. हॉल मोकळा करताना तिची मागे रेलायची मोठी खुर्ची मागच्या खोलीत नेली, तेव्हा ती म्हणाली, "जिथे खुर्ची तिथे मी. माझं काय, एक दिवस असंच उचलून ठेवाल." आणि दार लावून आत जाऊन बसली.

दुपारी एकपासून चर्चच्या बायकांची फोनची साखळी सुरू झाली. एकीने दुसरीला फोन करायचा, दुसरीने तिसरीला, आणि सगळ्यांनी प्रार्थना करायची, अशी ती पद्धत. पहिल्या फोनला आयसी स्टँपर 'बहुतेक गेली' होती. सातव्या फोनला ती झोपेत, हातात बायबल धरून, हसतमुखाने गेली होती. स्टँपरांच्या घरी मात्र एकीनेही फोन केला नाही. दुःखाच्या घरी फोन करत नाहीत. भांडं घेऊन जातात.

साडेचारला लोवेल आरशासमोर टाय बांधत होता आणि सात माणसांसाठी मांडलेल्या पन्नास खुर्च्या कशा दिसतील, याचा विचार करत होता. त्याने खिडकीतून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पार वळणापर्यंत गाड्या होत्या. माणसं खाली उतरत होती, अंगात काळे कपडे, हातात झाकलेली भांडी. ओव्हनमध्ये भाजलेलं बीन्सचं कॅसरोल, चीज घातलेली मॅकरोनी, भाजलेलं हॅम, भरलेली अंडी आणि पुन्हा भरलेली अंडी. प्रत्येक भांड्याच्या तळाला पट्टी चिकटवून नाव लिहिलेलं.

"ट्वायला," लोवेलने हाक मारली आणि टाय अर्धवट सोडून दाराकडे धावला.

गाव आलं होतं. पेट्रोल पंपाचा मालक, जो बावीस वर्षं लोवेलचं गाणं सुरू झालं की सिगारेट ओढायला बाहेर जायचा, तो दारात आला आणि लोवेलला मिठी मारून हुंदका देऊन रडला. लोवेलही रडला. कुणीतरी त्याचा हात हातात घेऊन म्हणालं, "आधीच यायला हवं होतं रे. येऊ येऊ म्हणता राहून गेलं." बायका थेट स्वयंपाकघरात शिरून सिंकमधली भांडी घासायला लागल्या. पन्नास खुर्च्या भरल्या. तेरा माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. बावीस वर्षांत लोवेलने मनातल्या मनात गावाबद्दल जे जे वाईट चिंतलं होतं, त्याबद्दल त्याने तिथल्या तिथे देवाची क्षमा मागितली. तिसऱ्या रांगेत करड्या केसांची एक अनोळखी बाई मांडीवर वही ठेवून बसली होती. प्रुएटबाई. ती आश्चर्याने सगळीकडे बघत होती.

तेवढ्यात बर्लने त्याला बाहीला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"गर्दी झाली की नाही?"

"झाली, बर्लकाका. मला वाटलं नव्हतं..."

"आता शांतपणे ऐक. त्यांना वाटतंय तुझी आई गेली."

"कुठे गेली?"

"कुठे म्हणजे? वर."

लोवेल जवळच्या स्टुलावर बसला. स्टुलावर भरलेल्या अंड्यांचं ताट होतं. त्याचं त्याला काही वाटलं नाही, इतका तो खचला. गाव त्याच्यासाठी आलंच नव्हतं. मिठ्या, हुंदके, काळे कोट, सगळं दुसऱ्याच्या नावावर. आणि ज्याच्या नावावर ते माणूस मागच्या खोलीत रुसून बसलेलं.

"सांगू नकोस," बर्ल म्हणाला. "दोन गाणी म्हण. ती बाई लिहून घेईल. मग सांग. मयतीत गाणी म्हणतातच."

मला विचाराल तर सल्ला वाईट नव्हता. चौथं कडवंसुद्धा ऐकलं असतं सगळ्यांनी, कान देऊन. बावीस वर्षांची हाव समोर पन्नास खुर्च्यांवर बसलेली होती. लोवेल उठला. ट्वायलाने ओल्या फडक्याने त्याची पँट मागून पुसली. मग तो हॉलमध्ये जाऊन उभा राहिला. गिटार त्याने हातात घेतली नाही.

"एक सांगायचंय," तो म्हणाला. "कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. तुम्हाला गाणं ऐकायला बोलावलं होतं. परवानगीत काय लिहिलं ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं. चूक माझी आहे."

एक खुर्ची सरकली. मग पाच सरकल्या. मयतीला आलेला माणूस, कोणी गेलेलंच नाही असं कळल्यावर, सुटकेचा श्वास टाकतो, असं तुम्हाला वाटत असेल. तसं काही नसतं. त्याला फसवल्यासारखं होतं. पेट्रोल पंपवाल्याने डोळे रागाने पुसले. आणि मग लोवेलला आयुष्यातलं सगळ्यात अपमानाचं दृश्य पाहावं लागलं : बायका टेबलापाशी जाऊन भांडी उलटी करून तळाची नावं वाचायला लागल्या, आपापलं कॅसरोल परत न्यायला. प्रुएटबाईने वही मिटली.

"भांडी खाली ठेवा!"

मागच्या खोलीचं दार उघडलं होतं. दारात आयसी उभी होती, पायात घरातल्या सपाता, अंगावर शाल. दोघीतिघींनी किंकाळी फोडली. सांगून झालेलं असूनही.

"तासभर आत बसून सगळं ऐकतेय मी," आयसी म्हणाली. "ही भिंत पुठ्ठ्याची आहे. ओमा, तू म्हणालीस माझ्यासारखी मायाळू बाई गावात झाली नाही. गोधडीवरून भांडल्यापासून एकोणीस वर्षं तू माझ्याशी धड बोलत नाहीस. आता म्हणालीस ना? मग ते परत घेऊन जाता येणार नाही. कॅसरोलही नाही."

ओमा नावाची ती म्हातारी कॅसरोल छातीशी धरून तशीच उभी राहिली. मग तिने ते टेबलावर ठेवलं.

"मी मेले असते तर दोन तास बसणार होतात," आयसी म्हणाली. "जिवंत आहे म्हणून दहा मिनिटंसुद्धा नाही? बसा खाली. पोरगं गातंय. आणि माझी खुर्ची आणा कुणीतरी."

दोन माणसांनी ती मोठी खुर्ची उचलून पहिल्या रांगेत आणून ठेवली. आयसी बसली, पर्स मांडीवर घेतली. गाव बसलं. काळ्या कपड्यांत, हात गुडघ्यांवर, जसं मयतीला बसतात तसं.

लोवेलने तेच गाणं घेतलं. गाणं त्याच्या बापाच्या डब्याचं. आमच्याकडे खाणीत जाणारे बाप डबा पुरता संपवत नसत. संध्याकाळी पोर डबा उघडून बघेल म्हणून केकचा एक घास मुद्दाम ठेवून आणत. पहिल्या कडव्यात आई डबा भरते. दुसऱ्यात बाप तो घेऊन खाली उतरतो. तिसऱ्यात पोर डबा उघडतं, घासाला कोळशाचा वास लागलेला असतो, आणि शेवटची ओळ साधारण अशी : तो घास मी तोंडात घेतला, अजून गिळलेला नाही.

कुणी हललं नाही. टीव्ही नव्हता, बियर नव्हती. पेट्रोल पंपवाला जमिनीकडे बघत होता; त्याचा बापही खाणीतला. मग लोवेलने चौथं कडवं म्हटलं. त्यात तो घास म्हणजे काय, बाप म्हणजे काय आणि काळ म्हणजे काय, हे सगळं होतं. बावीस वर्षांनी माणसांसमोर म्हटलं. चौथ्या कडव्याला आयसी मात्र पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली होती.

गाणं संपलं. टाळी एकही नाही. मयतीचा अंगात भिनलेला रिवाज. कुणाचे हात उठलेच नाहीत. लोवेलने आणखी सहा गाणी म्हटली, सहांनाही तेच. शेवटी लोक रांग लावून त्याच्याजवळ आले, एकेकाने हात हातात घेतला, "छान झालं," म्हणाले आणि जेवायला गेले. मयतीतही हेच म्हणतात, त्यामुळे लोवेलला काही अर्थबोध होईना. प्रुएटबाई केळ्याचं पुडिंग दोनदा खाऊन "कळवते" म्हणून निघून गेली.

अकरा दिवस लोवेल भिंती बघत होता. ओल कुठे येत नाही ते त्याने हात लावून तपासलं. बाराव्या दिवशी पत्र आलं. मेळ्याचा तिसरा दिवस, सकाळी दहा, लहान मांडव, वीस मिनिटं. खाली प्रुएटबाईने हाताने लिहिलं होतं, "इतकं कान देऊन ऐकणारं गाव मी पाहिलं नाही." ट्वायलाने ते वाचलं, घडी केली, आणि घडी उघडून पुन्हा वाचलं.

त्या रविवारी आयसी म्हणाली, "डोळ्यांना दिसत नाही नीट, वाच जरा." म्हणून लोवेलने तिचं बायबल उघडलं. मधून तो मयतीचा कागद खाली पडला. त्याने उचलला. पाचवं स्तोत्र पेन्सिलने खोडलेलं होतं. त्याच्या पुढे वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं : 'लोवेलचं डब्याचं गाणं. तीनच कडवी. चौथं लांबतं.'

खरं सांगतो, त्याला पहिल्यांदा आला तो राग. बावीस वर्षं! सगळं सार त्यात! त्याने मान वर केली. आयसी झोपाळ्यावरून रस्त्याकडे बघत होती, गाडी येईल तशी दोन बोटं उचलत होती. राग कुठल्या कुठे गेला आणि लोवेल तिथेच पोर्चच्या पायरीवर बसून लहान पोरासारखा रडला. आयसीने तिकडे बघितलं नाही. "वाचतोयस ना?" ती एवढंच म्हणाली.

मेळ्यात तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता लहान मांडवात शंभरएक माणसं होती. त्यातली एकवीस आमच्या गावची, या वेळी रंगीत कपड्यांत. पहिल्या रांगेत आयसी, मांडीवर पर्स. लोवेलने डब्याचं गाणं घेतलं. तिसरं कडवं संपलं आणि त्याची बोटं सवयीने पुढच्या सुराकडे निघाली.

आयसीने पर्स उघडली.

लोवेलने तारांवर हात ठेवला आणि तो तिथेच थांबला.